सायकलिंगच्या बुटाचं बक्कल अडकलंय, उघडतच नाही (पाऊस + खारं पाणी)

पहाटफेरी | ६ जुलै, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते, दोन वर्षं नियमित सायकल चालवते. आज पहाटे मरीन ड्राइव्हला जाऊन आले, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. परळच्या पुढे पाऊस लागला तो शेवटपर्यंत. नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए नाट्यगृहापाशी पोचलो तेव्हा ऐन भरती होती, लाटा कठड्यावरून थेट फूटपाथवर येत होत्या. आम्ही तिघी मैत्रिणी तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबलो. पाय घोट्यापर्यंत त्या पाण्यात भिजले.

घरी आल्यावर उजवा बूट निघाला. डाव्याचं वरचं बक्कल मात्र काही केल्या उघडेना. जिन्याच्या पायरीवर बसून वीस मिनिटं झटापट केली. नवऱ्याने ओढून पाहिलं. सासूबाईंनी खोबरेल तेल आणून दिलं, तेही ओतलं. शेवटी खालचे वेल्क्रोचे पट्टे पूर्ण सोडले, टाच वर उचलली आणि पाय कसाबसा बाहेर काढला. घोट्यावरची कातडी सोलवटली आहे. पाय सुटला, पण बक्कल तसंच आवळलेलं आहे, त्यामुळे त्यात पुन्हा पाय जायचा नाही.

२० जुलैला माझी पहिली बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड : २०० किलोमीटर, साडेतेरा तासांत. याच बुटात सहा महिने सराव केलाय. गुडघा दुखायचा म्हणून क्लीटची (बुटाच्या तळाला असलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) जागा दोन-तीनदा बदलून घेतली, तेव्हा कुठे ते जमलं. दोन आठवड्यांवर इतकी मोठी राइड असताना नवे बूट घालायचं धाडस होत नाही. हे बक्कल न मोडता कसं उघडायचं? आणि मोडावंच लागलं तर मुंबईत ते बदलून कोण देईल? ज्या दुकानातून बूट घेतले तिथे फोन केला, तर "मॅडम, आता नवेच घ्या" म्हणाले.

---

येऊरकर | ६ जुलै, दुपारी १२:४५

आधी एक करा : त्याला हात लावू नका. ओढाओढीत दाते तासले गेले तर मग खरंच पट्टी बदलावी लागेल.

थोडी माहिती द्या. बक्कल लिव्हर दाबून टकटक करत आवळणारं आहे की गोल डायल फिरवायची? पट्टी बुटाला स्क्रूने धरलीय की रिबिटने? आणि खटका अजिबात हलत नाही की थोडा हलून थांबतो?

---

सागरवारा | ६ जुलै, दुपारी १:०५

डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सुटेल. वरळी सी फेसला रोज चालवतो, आमच्याकडे सगळ्यावर तेच चालतं.

---

पहाटफेरी | ६ जुलै, दुपारी २:३०

येऊरकर, टकटक करणारं आहे. पट्टी काळ्या प्लास्टिकची, तिच्यावर दाते. बक्कल धातूचं, बाजूला छोटा खटका. खटका दोन मिलिमीटर उचलतो आणि मग काहीतरी आडवं आल्यासारखा थांबतो. पट्टीच्या बुडाशी एक छोटं टोपण आहे, ते नखाने उचललं तर खाली स्क्रू दिसतोय. मोठी लिव्हर दाबली तर अजून एखादा दात आवळला जातो, म्हणजे ती बाजू चालू आहे.

---

येऊरकर | ६ जुलै, संध्याकाळी ७:२०

लिव्हर चालतेय आणि स्क्रू आहे, या दोन्ही गोष्टी चांगल्या. म्हणजे तुमचे बूट वाचणार. सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यात हा प्रश्न बऱ्याच जणांना येतो आणि बहुतेक जण बक्कल मोडूनच बसतात.

बक्कल आतून कसं चालतं ते कळलं की उपाय आपोआप कळतो. पट्टीवरच्या प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती असते आणि दुसरी उभी. बक्कलच्या पोटात एक छोटा तुकडा स्प्रिंगने दात्यांवर दाबलेला असतो. फ्रीव्हीलमध्ये असेच तुकडे असतात, त्यांना आपले सायकलवाले कुत्रे म्हणतात. पट्टी आत सरकताना कुत्रा उतारावरून उड्या मारत जातो, तोच तो टकटक आवाज. पट्टी बाहेर यायला लागली की तो दात्याच्या उभ्या बाजूला तोंड लावून तिला अडवतो. मोठी लिव्हर दाबली की पट्टी एक दात पुढे जाते. छोटा खटका उचलला की कुत्रा दात्यावरून वर उचलला जातो आणि पट्टी सुटते.

मेख इथे आहे. पाय आत असताना पट्टीवर सतत बाहेरच्या दिशेने ताण असतो. तीन-चार तासांनी पाय सुजतो तेव्हा तर फारच. तो सगळा ताण कुत्र्यावर येतो आणि तो दात्यात रुतून बसतो. अशा वेळी माणूस घाबरून खटका ओढतो, आणि त्याच झटक्यात पायही वर खेचतो. म्हणजे ज्याचा भार उतरवायचा त्याच्यावर आणखी भार घालतो. पाय आत असताना कधीही बक्कल अडकलं तर आधी मोठी लिव्हर दाबा, पट्टी किंचित आत जाऊ द्या, बोटं बुटात आखडून घ्या, आणि लिव्हर दाबलेली असतानाच खटका उचला. अडकलं असं वाटणारी बरीच बक्कलं इतक्यावर सुटतात.

तुमचा पाय आता बाहेर आहे, म्हणजे ताण नाही. तरी खटका दोन मिलिमीटरवर थांबतोय. याचा अर्थ खटक्याखाली काहीतरी बसलंय, बहुधा वाळू. मरीन ड्राइव्हच्या लाटेतून वाळू आणि शिंपल्याचा चुरा दोन्ही येतं.

बादलीत कोमट पाणी घ्या, हाताला सहज सोसेल इतकंच. भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घाला. बुटाचा फक्त वरचा भाग, बक्कल बुडेल इतका, अर्धा तास ठेवा. खोबरेलही त्यात निघेल. मग जुन्या टूथब्रशने चारी बाजूंनी घासा, आणि औषधाची सुई काढलेली सिरिंज असेल तर तिने खटक्याखाली आणि पट्टी जिथून आत शिरते तिथे पाण्याची धार मारा. मधूनमधून लिव्हर हलकेच दाबा, पण पट्टी उगाच फार आत घालवू नका, शेवटचा दात आला तर पुढे जागा उरणार नाही. खटका जोर न लावता हलवत राहा.

एवढं करूनही सुटलं नाही तर पातळ पत्र्याची युक्ती. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीने पाव इंच रुंद कापा, कडा काचपेपरवर घासून घ्या, नाहीतर बोट कापेल. पट्टी ज्या दिशेने आत शिरते त्याच दिशेने तो दात्यांवरून सरकवा आणि त्याच वेळी लिव्हर अर्धा दात दाबा. पत्रा कुत्र्याखाली शिरला की कुत्र्याला दातेच सापडत नाहीत, पट्टी पत्र्यासकट मागे ओढली की येते. केबल बांधायचा प्लास्टिकचा टाय न कापता सोडवतात ना, तेच तंत्र. उलट बाजूने पत्रा घालू नका, तो कुत्र्याच्या तोंडावर आपटेल.

यानेही नाही झालं तर बुडाचा स्क्रू काढा, पट्टी बुटापासून सुटेल, मग बक्कल हातात घेऊन निवांत काम करता येईल.

---

लोहारचाळ | ६ जुलै, रात्री ९:५०

वरची पद्धत बरोबर. मी धातूंबद्दल थोडं लिहितो, नोकरीच ती होती.

बक्कलचा सांगाडा बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा, पिन आणि स्प्रिंग स्टीलची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, मध्ये खारं पाणी. अशा जोडीत ॲल्युमिनियम आधी खंगतं. त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा अडवते. पिनेभोवती अर्धा मिलिमीटर मोकळी जागा होती ती भरून जाते आणि खटका जड होतो. म्हणून गंज दिसत नाही म्हणजे बक्कल ठीक आहे असं समजू नका, पांढरं दिसलं तरी तो गंजच. स्टेनलेस स्टीललाही मिठाचं वावडं आहे, त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात.

पावसाच्या पाण्याने हे इतकं होत नाही. पावसाचं पाणी गोडं. पहाटफेरी, तुमच्या बुटाला भरतीच्या लाटेचं पाणी लागलं आणि मग परतीच्या वाटेवर दोन तास ते तसंच राहिलं. मीठ सुकलं तरी संपत नाही, आपल्या हवेतला ओलावा ओढून घेऊन ते पुन्हा ओलं होतं. जुलैत तर बूट घरात ठेवूनही आतून गंजत राहतात.

आता डब्ल्यूडी-४०. त्याचं नावच पाणी हटवणारं चाळिसावं मिश्रण अशा अर्थाचं आहे, १९५३ साली ते त्यासाठी बनलं. पाणी हाकलायला उत्तम आहे, म्हणजे साबणाने धुऊन झाल्यावर शेवटी एक फवारा ठीक. पण वाळू आत असताना मारलंत तर ते वाळूला चिकट लगदा करून ठेवतं. आधी वाळू पाण्याने बाहेर काढा. आणि बुटावर थेट फवारू नका, कापसाच्या काडीने लावा, कडेच्या गोंदाला आणि कापडाला ते लागू नये.

व्हिनेगर कुणी सुचवण्याआधी सांगतो : लोखंडाचा गंज ते काढतं हे खरं, पण ॲल्युमिनियमलाही ते खातं. लावलंच तर पाच-दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. रॉकेल आणि पेट्रोल तर नकोच, सोल चिकटवलेला असतो.

खोबरेल तेल पाहून वाईट वाटलं, सासूबाईंनी मायेने दिलं असणार. पण खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे सायकल काढाल तेव्हा ते खटक्याच्या आत मेणासारखं बसलेलं असेल. शिवाय कालांतराने खवट आणि चिकट होतं. सगळं साबणाने काढून टाका. नंतर लावायला सिलिकोनचा किंवा टेफ्लॉनचा सुकणारा स्प्रे चांगला, एक थेंब पुरतो. नागदेवी स्ट्रीटला कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे सिलिकोन स्प्रे मिळतो. तो नसेल तर शिलाई मशीनचं तेल, अगदी सुईच्या टोकावर येईल इतकं.

आणखी एक. दात्यांची पट्टी नायलॉनची असेल तर ती दमट हवेत पाणी शोषते आणि किंचित फुगते. बक्कलमध्ये आधीच मीठ बसलेलं असताना तेवढंसं फुगणंही पुरतं. वाळल्यावर पट्टी पुन्हा सैल होते. म्हणून धुऊन झालं की आजच उघडायचा हट्ट धरू नका, पंख्याखाली रात्रभर ठेवून सकाळी पाहा.

---

सागरवारा | ६ जुलै, रात्री १०:१५

लोहारचाळ, हे पटलं. मी चेनवर वापरतो आणि चेन पुसतो, म्हणून मला कधी जाणवलं नाही. बुटाच्या खटक्याला पुसायला जागाच नाही. वरचा माझा सल्ला मागे घेतो.

---

मधुमालती | ७ जुलै, सकाळी ८:०५

वेल्क्रोवाल्यांसाठी दोन ओळी. माझ्या बुटांना तीनही पट्टे वेल्क्रोचे आहेत. वेल्क्रो अडकत नाही, उलट पकड सोडतो, कारण आकड्यांमध्ये मोज्याचे धागे, केस आणि चिखल बसतो. उवा-लिखांची बारीक दातांची फणी घ्या आणि आकड्यांच्या बाजूने एकाच दिशेने ओढा, ढीगभर निघेल. उरलेलं दाभणाने. धुताना पट्टे बंद करून धुवा, नाहीतर आकडे बुटाच्याच कापडाला धरतात. पावसात नायलॉनच्या वेल्क्रोची पकड ढिली होते हे खरं आहे, आरेच्या चढावर उभं राहून पेडल मारताना माझी टाच उचलली जाते.

---

डोंगरवाट | ७ जुलै, सकाळी ९:३०

माझ्याकडे डायलचे बूट आहेत, बोआ कंपनीची डायल, ती फिरवली की वायर आवळते. मागच्या पावसाळ्यात गोराईहून परतताना मार्वेच्या फेरीबोटीत चढताना रेतीत पाय रुतला आणि डायल फिरेना. तेव्हा जे शिकलो ते लिहितो, कारण डायलचा प्रश्न बक्कलपेक्षा वेगळा आहे.

पहिली गोष्ट, आपली डायल कोणत्या पद्धतीची आहे हे घरी सुकं असताना माहीत करून घ्या. काही डायल एकाच दिशेने फिरून आवळतात आणि सोडायला त्या वर ओढाव्या लागतात. काही दोन्ही बाजूंना फिरतात, आणि वर ओढल्या की पूर्ण सुटतात. मी पहिल्या प्रकारची डायल दोन मिनिटं उलटी फिरवत बसलो होतो, ती अडकली नव्हतीच. उभ्या पावसात, बोटं गारठलेली असताना, हे सुचत नाही.

माझी खरी अडचण नंतर झाली. घरी येऊन बूट काढले, वायर सैल असतानाच डायल गरागरा फिरवत ठेवली. आत गुंडाळीला ताण नसेल तर वायरचा एक वळसा दुसऱ्याखाली जातो आणि पुढच्या वेळी गुंता होतो. सोडवायला डायल वर ओढायची, वायर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने सारख्या ओढत पूर्ण बाहेर काढायची, आणि नळाच्या कोमट पाण्याखाली धरून डायल पुढे-मागे टिकटिक करायची. रेती निघते. मग वायरला एका हाताने थोडा ताण देत गुंडाळायची.

वायर बहुतेक वेळा स्टीलची असते, तुटलीच किंवा पाय अडकल्यामुळे कापावी लागलीच तर घाबरू नका. ही पद्धत २००१ साली आधी बर्फावरच्या स्नोबोर्डच्या बुटांसाठी आली, आणि कंपनी डायल व वायरची हमी बुटाच्या आयुष्याइतकी देते. दुरुस्तीचं किट त्यांच्या संकेतस्थळावरून मागवता येतं. बूट टाकून देऊ नका.

---

रापी | ७ जुलै, दुपारी ३:४०

माझ्या वडिलांनी ठक्कर बाप्पा कॉलनीत आयुष्यभर बूट शिवले, आता मी तेच बघतो. "नवेच घ्या" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

पहाटफेरीताई, तुमची पट्टी स्क्रूवर आहे, म्हणजे ती बदलण्यासाठीच तशी केलेली आहे. काही कंपन्या पट्टी आणि बक्कल सुटे विकतात. मॉडेलचं नाव आणि बुटाचा नंबर सांगून मागवा. डावं-उजवं वेगळं असतं हे विसरू नका, बरेच जण चुकीच्या पायाचं मागवतात. वेळेत आलं नाही तर इनलाइन स्केटला लागणारी दात्यांची पट्टी कधीकधी चालते, पण पट्टीची रुंदी आणि दोन दात्यांमधलं अंतर दोन्ही जुळलं पाहिजे. अंदाजाने घेऊ नका, जुना तुकडा हातात घेऊन जा.

ज्यांचं बक्कल रिबिटवर आहे त्यांनी ते स्वतः उपटू नये. आम्ही बुटाच्या आतून रिबिटचं डोकं बारीक ड्रिलने उडवतो, जुनं भोक रुंद होऊ देत नाही, आणि नवं रिबिट बसवताना आतून चपटा वॉशर देतो. आतलं डोकं चपटं नसेल तर पन्नास किलोमीटरवर पायाच्या वरच्या बाजूला फोड येतो. चांगला कारागीर असेल तर त्याला आधी आतून बोट फिरवून दाखवा की पाय कुठे टेकतो.

आणि वाळवणं. बूट उन्हात ठेवायचे नाहीत, हेअर ड्रायर नाही, फ्रिजच्या मागच्या गरम जाळीपाशीही नाही. उष्णतेने सोलचा डिंक सुटतो. आतली सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, मग पुन्हा. पंखा चालू. तीनदा बोळे बदलले की रात्रीत वाळतात. उलट बाजूही सांगतो : मुंबईत बूट माळ्यावर वर्षानुवर्षं जपून ठेवणारेही फसतात. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच विरघळत जातं, न वापरलेल्या बुटाचे सोल हातात चुरा होऊन येतात. बूट वापरात ठेवा, धुवा, वाळवा.

---

पहाटफेरी | ७ जुलै, रात्री १०:३५

उघडलं!!

काल रात्री साबणाच्या पाण्यात ठेवलं, सिरिंजने धार मारली. पाण्यात काळी वाळू आली, पण खटका हलला नाही. लोहारचाळकाका, तुमचं ऐकून रात्रभर पंख्याखाली ठेवलं. आज ऑफिसमधून आल्यावर पाहिलं तर खटका तीन मिलिमीटर उचलत होता, पण पट्टी धरूनच. मग कॅनचा पत्रा. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आत शिरला आणि पट्टी पत्र्यासकट माझ्या हातात आली. मी स्वयंपाकघरात ओरडलेच.

आत काय होतं ते सांगते. खटक्याच्या खाली तांदळाच्या कणीएवढा शिंपल्याचा तुकडा, आणि स्प्रिंग तांबूस झालेली. स्प्रिंग अजून दाबली जाते पण हळू परत येते. पट्टीचे चार दाते आम्हीच ओढून ओढून गोल करून टाकलेत, तिथे आता कुत्रा धरत नाही. पुढचे दाते चांगले आहेत. माझा पाय बसतो तो दात या चारांच्या नेमका अलीकडे, म्हणजे बीआरएमपुरतं चालेल असं वाटतं. येऊरकर, तुमचं काय मत?

---

येऊरकर | ८ जुलै, सकाळी ७:१५

अभिनंदन! पण चालेल यावर राहू नका. बारा तासांत पाय सुजेल, मग तुम्हाला दोन-तीन दाते सैल करावे लागतील. सैल करताना जर ते गोल दात्यांवर आलं तर पट्टी चढावर एकदम सुटेल. पट्टी बदला. स्प्रिंगसुद्धा. संपूर्ण बक्कल मिळालं तर उत्तम.

---

चक्रधर | ८ जुलै, सकाळी ११:२०

धागा वाचला, सगळे सल्ले चांगले आहेत. पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितोय, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बक्कल उघडणं ही नुसती सोय नाही, जिवाची बाब आहे.

तीन वर्षांपूर्वी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, घाटकोपरच्या सिग्नलला, मी टाच बाहेर वळवली आणि पाय पेडलमधून सुटला नाही. बूट फिरत होता, क्लीट जागच्या जागी. क्लीटच्या दोन स्क्रूंपैकी एक कधीतरी पडून गेला होता. एकच स्क्रू राहिला की बूट त्याच्याभोवती गोल फिरतो, पण क्लीटला वळवत नाही, आणि क्लीट वळल्याशिवाय पेडल सोडत नाही. मी डावीकडे पडलो, सुदैवाने फुटपाथच्या बाजूला. मागे बस होती.

रस्त्यावर पडलेलो, सायकल पायाला अडकलेली. अशा वेळी एकच मार्ग असतो : बक्कल सोडायचं आणि पाय बुटातून बाहेर काढायचा, बूट राहू दे पेडलमध्येच. माझं बक्कल सुटलं म्हणून मी दहा सेकंदांत फुटपाथवर होतो. पहाटफेरी, त्या दिवशी तुमचं बक्कल जिन्यात अडकलं. तेच सायनच्या पुलाखाली अडकलं असतं, आणि क्लीटही धरून बसली असती, तर? हा विचार मनातून जात नाही.

म्हणून बुटाचं बक्कल धुवाल त्याच दिवशी खालचे क्लीटचे स्क्रूही पाहा. एसपीडीला (दोन स्क्रूंची छोटी क्लीट) ४ मिलिमीटरची ॲलन की लागते, आवळायचा जोर ५ ते ६ न्यूटन मीटर. टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना) नसेल तर छोट्या ॲलन कीने हाताने घट्ट, अंगाचा भार न देता. स्क्रूच्या डोक्यातल्या षट्कोनी खाचेत चिखल आणि खडी भरते, ती सुईने कोरून काढल्याशिवाय की लावू नका, अर्धी बसते आणि खाच गोल होते. आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या पाण्याने तेही धरतात, मग क्लीट बदलायची वेळ आली की ड्रिल आणावं लागतं. आणि क्लीटभोवती पांढऱ्या पेनाने रेघ मारून ठेवा, सरकली तर लगेच दिसेल. तुमच्या गुडघ्यासाठी तर हे हवंच.

---

पहाटफेरी | ८ जुलै, दुपारी १:००

चक्रधर, तुमचं वाचून हात थंड पडले. आत्ता डब्याच्या सुट्टीत घरी फोन करून नवऱ्याला स्क्रू बघायला सांगितले. डाव्याचा एक स्क्रू हाताने फिरतोय. दोन्ही बुटांचे आज रात्री काढून ग्रीस लावून बसवते.

रापीदादा, पट्टी आणि बक्कल मागवलंय. शुक्रवारपर्यंत येईल म्हणतात. बसवायला तुमच्याकडे येऊ का, की घरी जमेल?

---

रापी | ८ जुलै, दुपारी ४:१०

स्क्रूचं आहे, घरी जमेल. फक्त एक लक्षात ठेवा, नवी पट्टी मूळ लांबीचीच येते. टोक कापायची घाई करू नका. पाय सुजलेला असताना, म्हणजे संध्याकाळी, मोजे घालून बसवून बघा आणि मगच जास्तीचं कापा. सकाळी कापलंत तर संध्याकाळी आखूड पडेल.

---

निवांत_पहाट | ९ जुलै, सकाळी १०:००

नव्याने बूट घेणार आहे. पावसाळा धरून मुंबईत काय घ्यावं? साध्या लेसचे का नाही?

---

येऊरकर | ९ जुलै, दुपारी १२:२५

लेस कधी अडकत नाही आणि तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, हे खरं. पण भिजलेली गाठ सुटत नाही, चालवताना सैल करता येत नाही, आणि टोक चेनरिंगमध्ये जाण्याची भीती. लेस घेतलीत तर टोक अडकवायला पट्टी असलेली घ्या. माझ्या मते शहरात रोज चालवायला वेल्क्रो, लांबच्या राइडला डायल किंवा बक्कल. कोणतंही घ्या, सुटे भाग मिळतात का हे दुकानात आधी विचारा. मिळत नसतील तर बूट कितीही आवडला तरी सोडून द्या.

---

पहाटफेरी | २१ जुलै, रात्री ९:१५

सगळ्यांना कळवायचं राहिलं. काल बीआरएम झाली. १२ तास ५० मिनिटं! अहमदाबाद महामार्गाने मनोरच्या पुढपर्यंत जाऊन परत. घोडबंदरला पहाटे धो धो पाऊस, मग ऊन, आणि परतीला पुन्हा पाऊस.

शुक्रवारी पट्टी आली, शनिवारी संध्याकाळी बसवली, टोक कापलंच नाही. १३ तारखेला तिच्यावर ऐंशी किलोमीटर करून पाहिले, तेव्हा कुठे विश्वास बसला. काल प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, थांबले की मी आधी बाटलीतलं थोडं साधं पाणी दोन्ही बक्कलांवर ओतत होते, दोनदा लिव्हर, दोनदा खटका, मग कार्डावर शिक्का. एक मुलगा विचारत होता हे काय करताय, त्याला त्याच्या बुटावर करून दाखवलं. त्याचा खटका जडच होता, लिव्हर दाबून उचलायला शिकवलं. एकशे साठनंतर पाय खरोखर सुजला, तीन दाते सैल केले, येऊरकर म्हणाले होते तसंच.

घरी आल्यावर बूट दारातच काढले. सासूबाई बादली आणि जुना ब्रश घेऊन उभ्या होत्या, वर्तमानपत्रंही त्यांनीच काढून ठेवली होती.

चक्रधर, क्लीटभोवतीची रेघ तशीच आहे, सरकली नाही. रापीदादा, उजव्या बुटाच्या बक्कलची पिन पांढरी पडायला लागलीय, ती मला घरी निघत नाहीये. शनिवारी दुपारी ठक्कर बाप्पाला येते, दुकान उघडं असेल ना?

---

रापी | २१ जुलै, रात्री ९:४०

या. चारनंतर या, तोवर गर्दी असते. दोन्ही बूट आणा, नुसता उजवा नको.